छतातल्या झडपांची तपासणी कोण करणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

एअर कंडिशनरचे तापमान २० ते २८ अंश सेल्सिअसच्या मर्यादेत ठेवण्याचा विचार केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी जून २०२५ मध्ये जाहीर केला, तेव्हापासून वातानुकूलनाचा विषय निघाला की बोलणे आकड्यापाशी येऊन थांबते. नवे तारांकित घरगुती एसी मुळातच २४ अंशांवर सुरू व्हावेत, हा नियम १ जानेवारी २०२० पासून आहेच, आणि तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, हे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे सांगणेही आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. घरातल्या एसीपुरते हे सारे योग्यच आहे. परंतु नरिमन पॉइंट, वांद्रे-कुर्ला संकुल, लोअर परळ, अंधेरी, पवई येथील ज्या काचेच्या इमारतींत हजारो माणसे दिवसाचे नऊ-दहा तास बसतात, तेथे भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर २४ दिसत असूनही एका टेबलावर गारठ्याने बोटे आखडतात आणि वीस फुटांवर बसलेला दुसरा माणूस घाम पुसत असतो. या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा फॉल्स सिलिंगच्या वर, कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या एका झडपेत असते. मी १९९१ पासून बत्तीस वर्षे मुंबईतील इमारतींच्या एसी प्लांटवर काम केले, आधी मदतनीस म्हणून आणि पुढे पर्यवेक्षक म्हणून, आणि त्या अनुभवाच्या आधारे या झडपेविषयी लिहीत आहे.

मोठ्या इमारतीत साधारणपणे प्रत्येक मजल्यावर एक किंवा दोन एअर हँडलिंग युनिट असतात, ज्यांना आम्ही एएचयू म्हणतो. पाणी थंड करणाऱ्या यंत्राकडून, म्हणजे चिलरकडून, आलेले सुमारे ७ अंशांचे पाणी त्यांच्या नळ्यांच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, फिरते, कॉइलवरून गेलेली हवा १३-१४ अंशांपर्यंत थंड होते आणि पंखा ती हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यातून, म्हणजे डक्टमधून, मजलाभर पाठवतो. मी कामाला लागलो तेव्हा मी पाहिलेल्या बहुतेक इमारतींत ही हवा दिवसभर सारख्याच प्रमाणात वाहत असे. परतीच्या हवेचे तापमान पाहून कॉइलमधले पाणी कमी-जास्त केले जाई, आणि दुपारी पश्चिमेच्या उन्हात काचेला लागून बसलेला कारकून आणि आतल्या बंद केबिनमधला अधिकारी या दोघांच्याही वाट्याला तीच हवा येई. व्हेरिएबल एअर व्हॉल्यूम, म्हणजे व्हीएव्ही पद्धतीत एएचयूमधून निघणाऱ्या हवेचे तापमान जवळजवळ कायम ठेवतात आणि कोणत्या भागाला किती हवा द्यायची ते त्या भागावरची झडप, म्हणजे डॅम्पर, ठरवते. पाश्चात्त्य देशांत १९७३ च्या तेलसंकटानंतर या पद्धतीचा प्रसार वाढला, कारण जेथे माणसे नाहीत तेथे हवा ढकलण्यात पंख्याची शक्ती वाया जात नाही. कल्पना उत्तम आहे, आणि ती नीट चालते तेव्हा माणसाला एसी आहे याची जाणीवही होत नाही.

ही झडप पत्र्याच्या एका पेटीत असते. पेटीच्या तोंडाशी गोल गळा, त्यात बसणारे गोल पाते, पात्याच्या मधून आरपार गेलेला दांडा, आणि दांड्याच्या बाहेरच्या टोकाला पकडून तो फिरवणारी २४ व्होल्टची छोटी मोटर, जिला अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. गळ्यात छिद्रे पाडलेली एक नळी फुलीसारखी बसवलेली असते. तिच्यातून निघालेल्या दोन बारीक नळ्या हवेच्या दाबातला फरक कंट्रोलरपर्यंत पोचवतात आणि त्यावरून मिनिटाला किती घनफूट हवा जाते आहे, म्हणजे आमच्या भाषेत किती सीएफएम, याचा हिशेब होतो. थर्मोस्टॅट पात्याला थेट काही सांगत नाही. या भागाला आता चारशे सीएफएम हवी, एवढेच तो सांगतो, आणि कंट्रोलर मोजून पाहत पाते उघडत-मिटत राहतो. हे मोजणे का लागते, ते चाळीत वाढलेल्या माणसाला चटकन समजेल. सकाळी पाण्याच्या वेळेला खालच्या मजल्यावरचे सगळे नळ सुरू असले की तिसऱ्या मजल्यावर करंगळीएवढी धार येते, आणि खालचे नळ बंद झाले की तोच नळ, तेवढाच उघडा असूनही, बादलीबाहेर पाणी उडवतो. डक्टमध्येही शेजारच्या केबिनची झडप मिटली की आपल्या झडपेवरचा दाब वाढतो, आणि मोजमाप नसेल तर आपल्या डोक्यावर नको तेवढी हवा येऊन पडते.

आता जे बिघडते त्याकडे येतो. लोअर परळमधील एका कार्यालयात २०१६ च्या एप्रिलमध्ये मला बोलावले होते. लेखा विभागातल्या एक ताई भर उन्हाळ्यात अंगावर शाल घेऊन आणि पायांत मोजे घालून काम करत होत्या. त्यांच्या डोक्यावर छतातून हवा सोडणाऱ्या जाळीला, म्हणजे डिफ्युझरला, जुन्या फाइलचा पुठ्ठा सेलोटेपने चिकटवलेला होता, आणि टेपच्या कडा धुळीने काळ्या पडल्या होत्या, म्हणजे तो पुठ्ठा कालपरवाचा नव्हता. मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “काका, चार वर्षांत मी अकरा मेल केले. दर वेळी कोणीतरी येतं, चोवीसचे पंचवीस करतं आणि जातं.” मी खाली जाऊन बीएमएसच्या, म्हणजे इमारतीच्या यंत्रणांवर नजर ठेवणाऱ्या संगणकाच्या, पडद्यावर त्यांच्या पेटीचे पान उघडले. खोलीचे तापमान साडेवीस अंश, मागणी पंचवीस अंशांची, डॅम्पर शून्य टक्के उघडा, आणि त्याखालच्याच ओळीत हवा ६८० सीएफएम. पाते पूर्ण मिटलेले असेल तर त्यातून ६८० सीएफएम हवा जाऊच शकत नाही. हे दोन आकडे एकाखाली एक किती काळ उभे होते कोणास ठाऊक, पण कोणीही ते एकत्र वाचले नव्हते.

शिडी लावून टाइल उचलली तेव्हा उलगडा झाला. या दांड्याच्या टोकावर एक खाच कापलेली असते आणि ती पात्याच्या समांतर असते, त्यामुळे पेटी न उघडताही पाते कसे उभे आहे ते बाहेरून कळते. अ‍ॅक्च्युएटरचा काटा शून्यावर होता आणि खाच मात्र हवेच्या दिशेने सरळ, म्हणजे पाते सताड उघडे. दांड्याला पकडणारा क्लॅम्प सैल होऊन मोटर नुसतीच त्याच्याभोवती फिरत होती. पडद्यावर दिसणारे टक्के हे मोटरचे असतात, पात्याचे नसतात, हे फार थोड्या जणांच्या ध्यानात येते. मी अ‍ॅक्च्युएटरचे बटण दाबून तो मोकळा केला, दांडा हाताने फिरवून पाते मिटवले, काटा शून्यावर आणला आणि दहा नंबरच्या पान्याने क्लॅम्पचे दोन्ही नट आवळले. पंधरा मिनिटांचे काम आणि नव्या सामानाचा खर्च काहीही नाही. पाऊण तासाने त्या ताईंनी शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली. मला आनंद झाला हे खरे, पण त्याहून जास्त वाईट वाटले ते चार वर्षांचे.

पुठ्ठ्याविषयी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे, कारण मुंबईतल्या कितीतरी कार्यालयांत तो दिसतो. एका पेटीवर दोन-चार डिफ्युझर असतात. एक बंद केला तरी पेटीतून जाणारी हवा तेवढीच राहते आणि ती उरलेल्यांतून अधिक जोराने बाहेर पडते, म्हणून आठवड्याभरात शेजारच्या टेबलावरही पुठ्ठा चढतो. चिकटवणाऱ्याचा त्यात दोष नाही. ज्याची तक्रार कोणी ऐकत नाही, तो हाताशी असेल ते करणारच.

सैल क्लॅम्प हा सर्वांत सोपा बिघाड. काही वेळा नूतनीकरणाच्या वेळी पीओपीची धूळ त्या छिद्रांच्या नळीत जाऊन बसते, किंवा रंगकाम करणाऱ्यांनी ओढाताण केल्यावर निघालेल्या दोन बारीक नळ्या परत लावताना उलट-सुलट लावल्या जातात. मग कंट्रोलरला हवा शून्य दिसते, तो पाते अधिकाधिक उघडत जातो आणि खोली गोठते. पण माझ्या पाहण्यात सर्वाधिक त्रास झाला तो भिंती हलवल्यामुळे. भाडेकरू बदलतो, नवा आराखडा येतो, मोकळ्या जागेत तीन केबिन आणि एक मीटिंग रूम उभी राहते, आणि वरची पेटी मात्र जुन्याच जागी राहते. एका पेटीवर दोन खोल्या येतात आणि थर्मोस्टॅट त्यांपैकी एकीतच असतो. एका ठिकाणी तर थर्मोस्टॅट नव्या रचनेत कॉफी मशीनच्या मागे गेला होता. मशीनची ऊब त्याला लागे, तो दिवसभर हवा मागत राही, आणि भिंतीपलीकडच्या मीटिंग रूममधले लोक हुडहुडत बैठका उरकत. इंटिरियरच्या खर्चात संगमरवराला जागा असते. थर्मोस्टॅट सहा फूट सरकवायला आणि नंतर एअर बॅलन्सिंग, म्हणजे प्रत्येक भागाला जाणारी हवा मोजून जुळवण्याचे काम, पुन्हा करून घ्यायला नसते.

या सगळ्याचा विजेशी संबंध कसा येतो, ते नीट मांडणे आवश्यक आहे. दुपारनंतर माणसे कमी झाली, झडपा मिटू लागल्या की डक्टमधला दाब वाढतो, तो डक्टमध्ये पुढे बसवलेल्या सेन्सरला कळतो आणि व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारी यंत्रणा, एएचयूच्या पंख्याचा वेग कमी करते. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ५० हर्ट्‌झवर म्हणजे पूर्ण वेगाने १५ किलोवॅट घेणारा पंखा ४० हर्ट्‌झवर आला, म्हणजे वेग फक्त एक पंचमांश घटला, तर तत्त्वतः शक्ती जवळजवळ निम्मी, पावणेआठ किलोवॅटच्या आसपास होते. डक्टमध्ये ठरावीक दाब राखावा लागत असल्याने प्रत्यक्षातली बचत याहून थोडी कमी असते, पण तरीही ती मोठी असते. आता असे होते की शेवटच्या केबिनमध्ये हवा पोचत नाही अशी तक्रार येते. खरे तर त्या केबिनची झडप अडकलेली असते. पण वरिष्ठांचा फोन आल्यावर ऑपरेटर व्हीएफडी ऑटोवरून हँडवर टाकतो आणि ५० हर्ट्‌झवर नेऊन ठेवतो. तक्रार त्या दिवसापुरती मिटते. त्यानंतर ती व्हीएफडी महिनोन्‌महिने, मी पाहिलेल्या एका इमारतीत तर सहा वर्षे, तशीच राहते. पंखा पूर्ण जोराने हवा ढकलतो, बाकीच्या झडपा अर्ध्या मिटून ती अडवतात, आणि छतातून सतत सुस्कारल्यासारखा आवाज येत राहतो. व्हीएव्ही पद्धतीसाठी पैसे मोजूनही मालकाला त्यातले काहीच मिळत नाही. यात ऑपरेटरला दोष देण्याचे धाडस मी करणार नाही. बारा तासांच्या पाळीत, दहा मजल्यांच्या तक्रारी एकट्याने पेलणाऱ्या, बहुधा कंत्राटी असलेल्या या मुलांना पेटी उघडून पाहण्याचे शिक्षण कोणी दिलेलेच नसते.

मुंबईच्या हवेमुळे आणखी एक अडचण आहे, आणि परदेशातले नियम जसेच्या तसे उचलणाऱ्या सल्लागारांनी तिच्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक पेटीला हवेची किमान मर्यादा घालून दिलेली असते, कारण खोली थंड झाली तरी माणसांना श्वासासाठी ताजी हवा लागते. ही मर्यादा शून्य करून चालत नाही. दारे बंद करून बारा माणसे दोन तास बसलेल्या मीटिंग रूममध्ये डोके जड होते ते बऱ्याचदा याच कारणाने. मात्र थंड प्रदेशांत अशा पेटीत बहुधा गरम पाण्याचे किंवा विजेचे कॉइल असते, जे ही किमान हवा गरजेप्रमाणे कोमट करून देते. आपल्याकडच्या पेट्यांत सहसा ते नसते, आणि नसावेच, कारण आधी थंड केलेली हवा पुन्हा तापवणे ही विजेची दुहेरी नासाडी आहे. त्यामुळे येथे किमान मर्यादा खोलीतल्या प्रत्यक्ष माणसांच्या हिशेबाने काळजीपूर्वक ठरवावी लागते. ती कारखान्यातून आली तशी, सगळ्या पेट्यांना सरसकट एकच, ठेवली तर दोन माणसांची केबिन दिवसभर नको तेवढी थंड राहते, मग थर्मोस्टॅटवर २४ ठेवा की २७. करोनाच्या काळात ताजी हवा वाढवण्यासाठी अनेक ठिकाणी ही किमान मर्यादा वाढवली गेली आणि ते त्या वेळी योग्यच होते. पण नंतर ती पुन्हा तपासून बसवल्याचे मी फारच थोड्या ठिकाणी पाहिले.

गारठ्याच्या तक्रारी वाढल्या की काही व्यवस्थापक एएचयूमधून निघणारी हवाच १३ ऐवजी १७-१८ अंशांवर नेतात. जानेवारीत हे एक वेळ खपून जाईल. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र कॉइल पुरेसे थंड नसले की हवेतले बाष्प निघत नाही, कार्यालयात चिकटपणा येतो, कपाटातल्या फाइलींना बुरशीचा वास लागतो आणि छताच्या टाइलवर काळे ठिपके उमटतात. झडप दुरुस्त केली असती तर यातले काहीच करावे लागले नसते.

मग या झडपा तपासल्या का जात नाहीत? पहिले कारण अगदी साधे आहे: तेथपर्यंत पोचता येत नाही. सलग जिप्सम सिलिंग दिसायला सुंदर असते, म्हणून ट्रॅपडोअर ठेवू दिले जात नाहीत. एका पेटीसाठी छत कापण्याची परवानगी मिळवायला मला एकदा पाच आठवडे लागले होते. दुसरे कारण देखभालीच्या करारात आहे. चिलर, पंप, कूलिंग टॉवर, एएचयूचे फिल्टर आणि बेल्ट यांची नोंद वार्षिक करारात असते. व्हीएव्ही पेट्या मात्र “तक्रार आल्यास” या सदरात टाकलेल्या असतात. तक्रार येते तेव्हा थर्मोस्टॅटचा आकडा बदलला जातो, आणि कागदोपत्री ती निकाली निघते.

केंद्र सरकारची २०१७ ची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए करारमागणी असलेल्या व्यावसायिक इमारतींसाठी आहे, पण तिचा भर इमारत कशी बांधली जाते यावर आहे. मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई हवामान कृती आराखड्याने २०५० पर्यंत नेट झिरोचे, म्हणजे निव्वळ शून्य कार्बन उत्सर्जनाचे, उद्दिष्ट ठेवले आहे आणि ते मला मनापासून मान्य आहे. मात्र बांधून दहा-पंधरा वर्षे झालेल्या इमारतीत पाती खरोखर फिरतात की नाही, हे विचारणारे कोणीतरी असले पाहिजे. याच छतात अग्निरोधक डॅम्परही असतात आणि त्यांच्याकडे लक्ष जाते, कारण महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. त्यासाठी शिड्या लागतात, टाइल निघतात, माणसे वर चढतात. त्याच फेरीत शेजारच्या व्हीएव्ही पेटीच्या दांड्यावरची खाच पाहून घ्यायला वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही.

माझी विनंती एवढीच आहे की ऊर्जा लेखापरीक्षण करणाऱ्यांनी बीएमएसवरचे टक्के उतरवून न घेता काही पेट्या प्रत्यक्ष उघडून पाते आणि काटा ताडून पाहावा. इमारत मालकांनी वार्षिक करारात प्रत्येक पेटीची वर्षातून एकदा तपासणी नावानिशी घालावी. आणि भाडेकरूने भिंती हलवल्या तर थर्मोस्टॅट, पेटी व एअर बॅलन्सिंगचा अहवाल हाती आल्याशिवाय अंतर्गत कामाला पूर्णतेची मान्यता देऊ नये. एका पेटीला पंधरा मिनिटे धरली तर दीडशे पेट्यांच्या इमारतीत दोन माणसांच्या एका जोडीला साधारण पाच दिवस लागतात. शिडी, विजेरी, दहा नंबरचा पाना आणि पेट्यांच्या क्रमांकांची यादी, एवढे सामान पुरते. सुरुवात ज्या टेबलांवरच्या डिफ्युझरला पुठ्ठा लागलेला आहे तेथून करावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त एसी पर्यवेक्षक
विक्रोळी (पूर्व), मुंबई